मागच्या खोलीची लाइन

दुपारची वेळ होती आणि हार्डवेअरच्या दुकानात ताईशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पाइप वळवायचा एक जुना लोखंडी एल्बो काढला आणि काउंटरवर ठेवला.

"याच मापाचे द्या. आणि एक कॉक."

दुकानदाराने कानटोपी मागे सारली, एल्बो उलटसुलट केला, आत बोट घालून गंज बाहेर काढला. "घर तापवायची लाइन आहे वाटतं. गरम पाण्याची."

"हो. जस्ती चालेल का?"

"कशाला? गरम पाण्यात जस्ताचा मुलामा सुटतो आणि गाळ होऊन रेडिएटरच्या तळाशी बसतो. पितळ घ्या, नाहीतर तांबं. पितळेला आटे असतात, हवं तेव्हा खोलता येतं. तांब्याला डाख द्यावा लागतो. ते एकदा जोडलं की जोडलं."

"खोलता येणारंच द्या. आमच्या प्लंबरचं तसंच म्हणणं आहे."

दुकानदार ड्रॉवर उघडून पितळी सामान काढू लागला. सवयीने विचारावं तसं त्याने विचारलं, "घर कुठलं म्हणालात?"

"चढाच्या रस्त्यावरचं शेवटचं. हिरव्या दाराचं."

त्याचा हात ड्रॉवरमध्येच राहिला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मागच्या खोलीची लाइन का?"

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तिथे पाइपच्या तोंडावर डमी बसवलेली असेल. गच्च टोपण. ती राहू द्या की, ताई. बाकीच्या खोल्या तापतात ना?"

"माझ्या वडिलांना जिना चढता येत नाही. खाली झोपण्यासारखी तीच एक खोली. तिथे काय त्यांना बर्फाच्या पेटीत ठेवल्यासारखं ठेवू?"

सामान कागदात बांधून देताना दुकानदाराने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

ताई शाळांचे आणि कारखान्यांचे गणवेश शिवायची. वयाने मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणत, कारण ती बोलायची तशी. एकदा ठरवलं की ठरवलं. धाकट्या भावाने स्पष्टच सांगितलं होतं, "या थंडगार घरात अण्णा राहणार नाहीत. दंव गोठायला लागलं की मी येणार. तेव्हाही ते खोकताना दिसले, तर सरळ वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार. मग तू रडू नकोस." त्यावर ताईने त्याला चहासुद्धा विचारला नव्हता. अण्णांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं होतं, बाजारात हात सुटेल की काय अशा भीतीने लहान मूल पाहतं तसं. ती नजर ताईच्या डोक्यातून जात नव्हती.

तिचा प्लंबर अंगाने इतका चपटा होता की कुठल्याही फटीत बसावा. म्हणून सगळे त्याला वायसर म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आला आणि जिन्याखालच्या बॉयलरच्या कोठडीत शिरला. तिथूनच मागच्या खोलीचा पाइप निघत होता, आणि वीतभर अंतरावर तो डमीने बंद केलेला होता. वायसरने पान्हा लावला, पाय भिंतीला टेकवले, चेहरा लाल होईपर्यंत जोर लावला.

"एवढी आवळतं का कुणी? आत काय वाघ कोंडलाय?"

डमी सुटली तेव्हा पाणी आलं नाही. उलट पाइपनेच बाहेरची हवा आत ओढून घेतली. एक लांबलचक, घशातून आल्यासारखा आवाज झाला. वायसरच्या कपाळावरचे केससुद्धा पाइपच्या दिशेने हलले.

"आत पोकळी झाली असेल," तो म्हणाला. पण डमी त्याने हातात न धरता पायाने बाजूला सरकवली.

नवे पितळी जोड बसले, कॉक बसला. कॉकची दांडी पाइपच्या रेषेत असली की लाइन उघडी, आडवी केली की बंद. बॉयलर पेटवून दोघं मागच्या खोलीत गेली. रेडिएटरच्या कोपऱ्यात एक लहान स्क्रू असतो. तो सैल केला की आत अडकलेली हवा निघून जाते आणि मागोमाग पाणी येतं. वायसरने तो सैल केला. हवा सुटू लागली. सुटतच राहिली. बॉयलर पेटलेला, पाइप हाताला चटका देणारा, आणि ही हवा मात्र गारठलेली. तिला ओल्या लोकरीचा वास होता, कितीतरी दिवस न बदललेल्या पांघरुणाचा. शेवटी शेवटी ती अडखळत येऊ लागली. हुंदका आवरताना माणूस अडखळतो, तशी.

मग काळं पाणी आलं आणि वायसरने घाईघाईने स्क्रू बंद केला.

"एवढ्याशा रेडिएटरमध्ये एवढी हवा..." तो पुटपुटला.

पण खोली तापली. संध्याकाळपर्यंत भिंतींचा ओलसरपणा गेला. ताईने अण्णांची कॉट तिथे आणली, त्यांच्या पायांवरची एक गोधडी कमी केली, आणि कितीतरी दिवसांनी अण्णा न खोकता जेवले.

"पाइप वाजतोय गं," ते झोपताना म्हणाले. "कुणीतरी चमच्याने ठोकल्यासारखा."

"लोखंड तापलं की फुगतं, अण्णा. तेच वाजतं."

"हं," अण्णा म्हणाले. "फुगू दे बापडं."

पहाटे ताईला जाग आली ती त्याच आवाजाने. टक टक... टक. टक टक... टक. आता तो आवाज जोरात येत होता, अख्ख्या घरात घुमत होता, घाईवर आलेला होता. ती खाली धावली. मागच्या खोलीचं दार उघडताच थंडी अंगावर आली. खिडकीच्या काचेवर आतून दंव गोठलेलं. अण्णा डोळे उघडे ठेवून पडलेले, ओठ निळे.

"उठवलं मला तिने," ते दातावर दात वाजवत म्हणाले. "झोप लागली होती गं... छान, गाढ झोप. ती ठोकायला लागली म्हणून जाग आली. नाहीतर..."

"कोण ती?"

"मला काय ठाऊक? तिला पण थंडी वाजत असणार."

ताईने त्यांना उचलून स्वयंपाकघरात नेलं, शेगडीपाशी बसवलं, त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळले. ते जरा बोलायला लागल्यावर ती जिन्याखाली गेली. बॉयलर नीट पेटलेला होता. मागच्या खोलीच्या कॉकची दांडी मात्र आडवी होती.

अण्णांना आधाराशिवाय उभंही राहता येत नव्हतं. घरात तिसरं माणूस नव्हतं. ताईने दांडी सरळ केली, तारेने पाइपला घट्ट बांधली आणि वायसरला बोलावणं पाठवलं. तो आला, त्याने तार पाहिली, कॉक पाहिला. "पाण्याच्या हादऱ्याने फिरली असेल," तो म्हणाला. पण सांगताना त्याचाच त्यावर विश्वास बसत नव्हता.

त्याच दिवशी ऊन कलताना ताई इस्त्रीचे निखारे घ्यायला बॉयलरपाशी आली आणि तिच्या डोळ्यांदेखत तार सुटू लागली.

एकेक पीळ उलगडत होता. घाई नव्हती. सरावलेल्या माणसाने आपल्याच घरातलं काम करावं, तसं. तार खाली पडली. मग दांडी हलली.

ताईने निखाऱ्यांची परात टाकली आणि दोन्ही हातांनी दांडी धरली. पलीकडून जोर आला. पुरुषाच्या हाताचा जोर, संथ, हट्टी. कोठडीत तंबाखूचा आणि गंजाचा वास दाटला. तिच्या मनगटांवर काहीतरी थंड टेकलं होतं आणि एकेक बोट सोडवत होतं. करंगळी... मग तिच्या शेजारचं...

"सोड," ताई दातओठ खात म्हणाली. "सोड म्हणते ना!"

दांडी आडवी झाली. तिच्या हातांची सालं निघाली. आणि त्याच क्षणी मागच्या खोलीतून ठोकणं सुरू झालं. टक टक... टक. ताईने नीट ऐकलं. पहाटेपासून ती ज्याला घाबरत होती तो आवाज खरं म्हणजे तिच्याच बाजूचा होता. तो कुणाला घाबरवत नव्हता. तो ऊब मागत होता.

ती तशीच, सोलवटलेल्या हातांना फडकी गुंडाळून दुकानात गेली. दुकानदार दिवे लावत होता.

"आता सगळं सांगा," ती म्हणाली.

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं आणि स्टूल पुढे केलं.

"आधीचा मालक कंत्राटदार होता," तो म्हणाला. "भाऊ गेल्यावर भावजय त्या मागच्या खोलीत राहायची. घरात तिचाही वाटा होता. तो सोडून जा म्हणून याने नाना उपाय केले. ती हलली नाही. 'माझ्या नवऱ्याने बांधलेली खोली आहे, मी इथेच मरेन' म्हणायची. मग एका हिवाळ्याच्या तोंडावर हा माझ्या वडिलांकडून डमी घेऊन गेला."

"आणि?"

"ती पाइपवर चमच्याने ठोकायची. लाइन उघडा म्हणून. रस्त्यावरसुद्धा ऐकू यायचं. लोक म्हणायचे, घरातली भांडणं, आपण कशाला मध्ये पडा... एके दिवशी ठोकणं थांबलं." दुकानदार खालच्या आवाजात पुढे म्हणाला, "त्यानंतरही तो मरेपर्यंत येत राहिला. दर हिवाळ्याला नवी डमी. वडिलांनी एकदा विचारलं, आता कशाला? तर म्हणाला, ती अजून आत आहे. ऊब मिळाली की बाहेर येईल."

ताईने हातांवरची फडकी घट्ट आवळली.

"म्हणजे हा मेल्यावरही तेच करतोय," ती म्हणाली. "एका बाईला ऊब मिळू नये म्हणून."

"ताई, माझं ऐका. डमी घेऊन जा. पैसेसुद्धा देऊ नका. वडिलांना भावाकडे..."

"डमी नको मला. असं सामान द्या, जे कुणाला फिरवता येणार नाही."

"म्हणजे?"

"कॉक नको. आटे नकोत. दांडी नको. तुम्हीच म्हणाला होतात, तांबं एकदा जोडलं की जोडलं."

दुकानदार तिच्याकडे पाहत राहिला. "उद्या कुठे गळलं, तर ती एकटी लाइन बंद करता येणार नाही. सगळ्या घराचं पाणी उतरवावं लागेल."

"बंद करायचीच नाहीये ती."

मग त्याने खरोखर मन लावून सामान काढलं. तांब्याचा जाड पाइप, सरळ सॉकेट, लांब वळणाचे एल्बो. "लोखंडाला तांबं थेट भिडवू नका, लोखंड कुरतडलं जातं. मध्ये हा पितळी जोड घाला. त्याला एका बाजूला आटे आहेत, त्यांच्यावरून डाख ओढा, म्हणजे तोही सुटणार नाही. आणि साधा डाख नको, या चांदीच्या डाखाच्या तारा घ्या. जोड लाल झाल्याशिवाय तो वितळत नाही." शेवटी त्याने पुड्यात आणखी एक तार टाकली. "ही माझ्याकडून. आमच्या वडिलांनी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी बॉयलर विझवून लाइनमधलं पाणी उतरवलं. अण्णांना शेजारच्या घरी बसवलं होतं. वायसरने पितळी कॉक कापून काढला आणि पाइप घासून चकचकीत केला. पहिला जोड झाला, दुसराही झाला. बाहेर उजेड उतरत चालला होता, घर गारठत होतं, दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. शेवटचा जोड तेवढा राहिला होता, बॉयलरच्या अंगचा.

तिथे डाख द्यायच्या गॅस-टॉर्चची ज्योत विझली.

वायसरने पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. वारा नव्हता. तिसऱ्यांदा कुणीतरी अगदी त्याच्या कानाशी फुंकर मारली. ती फुंकर ताईनेही ऐकली. वायसरने टॉर्च खाली ठेवला.

"ताई... माझ्या मागे माणसं आहेत हो..."

"जा तुम्ही," ताई म्हणाली. तिला त्याचा राग आला नाही. "फक्त एवढं सांगा, तार कधी टेकवायची?"

"जोड गडद लाल झाला की... ज्योतीत नाही धरायची. धातूवर टेकवायची. आपोआप ओढून घेतो तो." आणि तो दारातून आडवा होऊन निसटला.

ताई गुडघ्यांवर बसली. जन्मभर तापलेल्या इस्त्रीशी खेळलेले तिचे हात, त्यांना आगीचं भय नव्हतं. तिने टॉर्च पेटवला आणि ज्योतीभोवती आपला पदर धरला. मागे कुणीतरी उभं होतं. तंबाखूचा वास तिच्या मानेवरून पुढे आला. उजव्या मनगटावर तो थंड पंजा बसला.

"ऐका, कंत्राटदार," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "तुमचं घर होतं. होतं. आता इथे माझे वडील झोपतात. आणि तुमची भावजयही इथेच राहणार, तिच्या खोलीत. तिला काढायचं की ठेवायचं, हे आता तुमच्या हातात नाही."

पंजा आवळला. हात खांद्यापर्यंत बधिर झाला. ज्योत वाकली, निळी पडली, तरी विझली नाही. मागच्या खोलीत ठोकणं सुरू झालं. पाण्याचा थेंब नसलेल्या, मधोमध कापलेल्या पाइपमधून ते कसं येत होतं, देव जाणे. पण येत होतं. टक टक... टक. ताई त्या तालावर श्वास घेऊ लागली.

"ठोका," ती म्हणाली. "थांबू नका, बाई. ठोकत राहा."

जोड तपकिरी झाला. मग गडद लाल. उजवा हात हलेना, म्हणून तिने डाव्या हाताने तार टेकवली. चांदी एकदम चकाकली आणि जोडाभोवती सरसरत फिरली, पाण्यासारखी, एका श्वासात, पूर्ण गोल.

मनगटावरचा पंजा सुटला. आणि लगेच त्या लालबुंद जोडावर काहीतरी झडप घालून बसलं. तव्यावर ओलं फडकं टाकल्यासारखा चर्र आवाज झाला. जळक्या कातडीचा वास कोठडीभर पसरला. जोड फिरवायचा प्रयत्न होत होता... अख्खा पाइप थरथरला, बॉयलर जागेवर करकरला. पण तिथे फिरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

थरथर थांबली तेव्हा बाहेर पूर्ण अंधारलं होतं. ताईने लाइन भरली, बॉयलर पेटवला आणि मागच्या खोलीत जाऊन रेडिएटरचा स्क्रू सैल केला. थोडी हवा आली. या वेळी कोमट. मग स्वच्छ पाणी. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली, खोली तापेपर्यंत. कुणी ठोकलं नाही.

त्यानंतर दंव गोठलं, रस्ते पांढरे झाले, आणि सांगितल्याप्रमाणे भाऊ आला. दारातच त्याने विचारलं, "अण्णा कुठे आहेत?" मागच्या खोलीत अण्णा बनियनवर बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढत होते. भाऊ समोर बसला. थोड्या वेळाने त्याने मफलर काढला. मग कोट. मग कपाळ पुसत म्हणाला, "फारच उकडतंय इथे."

"खिडकी उघडू?" ताईने गोड आवाजात विचारलं.

"नको नको!" अण्णा एकदम म्हणाले. "तिला सोसत नाही."

भावाने ताईकडे पाहिलं. ताईने त्याला चहा विचारला. आश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही. आणि अण्णांनी तो हिवाळा काढला, खोकत, कुरकुरत, पण काढला.

उन्हाळ्याच्या तोंडावर ताईने बॉयलर विझवला. अण्णांची कॉट पुढच्या ओसरीत उन्हाला नेली. दोन दिवसांनी सामसूम दुपारी ती मागची खोली झाडायला गेली. रेडिएटरवर धूळ बसली होती, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसू लागली. बिडाचं लोखंड गार होतं, असायला हवं तसं.

डाव्या बाजूला मात्र तिचा हात थबकला. तेवढाच भाग ऊबदार होता. जमिनीपासून हातभर उंच, लहानखुऱ्या बाईच्या पाठीएवढा. अंगाला असते तेवढीच ऊब. ताईला भीती वाटली नाही. तिने फडकं खाली ठेवलं आणि तळहात तिथे क्षणभर राहू दिला.

मग तो हात उजवीकडे सरकला आणि तिने चटकन मागे घेतला. तिथे दुसरा भाग होता. रुंद, दांडग्या पुरुषाच्या पाठीएवढा, आणि इतका थंड की बोटांना चटका बसावा. ओल्या फडक्याची ओल त्यावर तिच्या समोर गोठत होती. मधलं अंतर जेमतेम एका माणसाचं.

ताई उभी राहिली. दाराकडे पाहिलं. बाहेरून अण्णांच्या खोकण्याचा आवाज येत होता.

तिने पदर खोचला, रेडिएटरकडे पाठ केली, आणि त्या दोघांच्या मधोमध, लोखंडाला पाठ टेकून, मांडी घालून बसली.

"मी आहे इथे," ती म्हणाली. "सरका जरा तिकडे, कंत्राटदार."

डावा खांदा ऊबदार होता. उजवीकडे बराच वेळ काही झालं नाही. मग तंबाखूचा वास आला, आणि थंडी हळूहळू, अगदी हळूहळू, ऊब मागत तिच्या खांद्याशी येऊन टेकली.